एकशे बारा नंबरची साथ

हेमलता गेली त्याच्या सतराव्या दिवशी ती वामनला कीबोर्डमध्ये सापडली. डाव्या हाताला, साथीच्या ठेक्यांमध्ये, एकशे बारा नंबरला.

तो काही बायकोला शोधत नव्हता. सकाळचे दहा वाजले होते. सुमनअक्का, त्याची थोरली बहीण, दिवसकार्यासाठी आली होती ती अजून राहिली होती. ती म्हणाली, "वामन्या, निदान ते पुसून तरी ठेव. हेमाला धूळ चालायची नाही." म्हणून त्याने कव्हर काढलं, बटणांवरून फडकं फिरवलं, आणि सवयीने डाव्या हाताच्या तीन पट्ट्या दाबल्या. फडक्याने नंबर बदलला होता हे त्याच्या लक्षात आलं नाही.

वामन सोनटक्के सांगलीत राहायचा आणि तीस वर्षं ऑर्केस्ट्रात वाजवत आला होता; हेमा त्यातच गायची. कीबोर्ड कुठल्याही कंपनीचा असला तरी गल्लीत त्याला कॅसिओवाले मास्तरच म्हणत. हे वाद्य ज्यांनी जवळून पाहिलं नाही त्यांना एवढंच सांगायला हवं, की त्याच्या पोटात साथीदार असतात. डाव्या हाताने तीन पट्ट्या धरल्या की ढोलक, बास, गिटार आपोआप सुरू होतात, आणि उजव्या हाताने आपण गाणं वाजवायचं. प्रत्येक ठेक्याला नंबर असतो. एकशे बारा नंबर पोल्का नावाच्या परदेशी नाचाचा होता. तीस वर्षांत सांगली जिल्ह्यात कोणी पोल्का मागितला नव्हता.

त्या दिवशी ढोलक वाजला नाही. भाकरी थापल्याचा आवाज आला. तीन थापा, आणि चौथ्या मात्रेला भाकरी फिरवताना होते तशी बांगड्यांची खुळखुळ. बासच्या जागी पिठाचा डबा फरशीवरून ओढल्याचा आवाज होता. तीन थापांनंतर फिरवायची सवय हेमाची होती. अक्का पाच थापांनंतर फिरवायची.

वामनने हात उचलला. भाकरी थांबली. हात ठेवला. भाकरी सुरू झाली.

"काय वाजवतोयस रे?" अक्काने स्वयंपाकघरातून विचारलं.

"पोल्का."

"हेमाच्या हातची आहे."

"हो."

दुपारी अक्का भाकऱ्या करायला बसली तर तिच्या थापांना आवाज नव्हता. तिने दोनदा जोरात थापून पाहिलं, भाकरी फाटली. "पीठ जुनं झालं असेल," ती म्हणाली आणि तशीच थापत राहिली. कीबोर्डमध्ये गेलेला आवाज घरात उरत नाही, हे वामनला तेव्हाच कळलं. त्याला त्याचं काही वाटलं नाही. जिथे हेमा तिथे तिचे आवाज असणार.

त्याने दुपारभर त्याच तीन पट्ट्यांचा मेळ, सी मेजर, धरून ठेवला. एकदा बोट सरकून ए मायनर हा उदास मेळ लागला, तर थापा चालू राहिल्या आणि बांगड्या गेल्या. दवाखान्यात दुसऱ्या दिवशी नर्सने हेमाच्या बांगड्या काढायला लावल्या होत्या. त्याने घाईने पुन्हा मेजर धरला आणि मग मायनरच्या वाटेला गेला नाही.

पण ती गात नव्हती. साथ सगळी तिची होती आणि गाणारी नव्हती. उजव्या हाताला सहाशे आवाज होते. सनई, बासरी, सतरा तऱ्हेची व्हायोलिनं, आणि बायकांचे चार 'आ'. त्याने चारही तपासले. त्यातली एक तर नाकात गात होती.

"ती नाही सापडत," तो अक्काला म्हणाला.

"आणखी कुठे बघितलंस?"

"हा एवढाच आहे घरात."

"मग दुकानात जा की. बसून राहून काय होणार?"

दुकान मिरजेत होतं, रफिक मुजावरचं. रफिकभाई त्याच्याच वयाचे, वाद्यं विकायचे आणि दुरुस्त करायचे. गेल्या महिन्यात त्यांनीच वामनला एक नवा चंदेरी कीबोर्ड वाजवून बघायला दिला होता. "एक कार्यक्रम करून बघा, मास्तर. साथ कशी भरलेली आहे बघा. तुमचा काळा आता म्हातारा झाला."

तो कार्यक्रम इचलकरंजीत होता, एका जोडप्याच्या लग्नाला पन्नास वर्षं झाली म्हणून, दुपारी, मंगल कार्यालयात. हेमाच्या छातीच्या दुखण्यामुळे डॉक्टरांनी गाणं बंद करा म्हणून सांगितलं होतं. तिने भाजीवालीशी करावी तशी घासाघीस करून त्यांना एका कार्यक्रमात एक गाणं आणि एका गाण्यात दोन अंतरे, एवढ्यावर आणलं होतं.

दोघांचा एक रिवाज होता. हेमा लोकांकडे तोंड करून गायची, वामन तिच्या मागे बसायचा. तिच्या उजव्या हातात माइक, डावा हात पाठीमागे, पंजा उघडा. गाणं संपवायचं की ती मूठ मिटायची आणि वामन डावा हात उचलायचा. काळ्या कीबोर्डला तशी सोय करून घेतली होती, हात उचलला की साथ जागेवर थांबायची. शेवट करायचं वेगळं बटण असतं, पण ते वामनने कधी दाबलं नव्हतं. "शेवट मशीनने का करायचा? मी आहे ना," हेमा म्हणायची.

इचलकरंजीत दुसरा अंतरा झाला आणि तिने मूठ मिटली. वामनने हात उचलला. साथ थांबली नाही. नवीन कीबोर्ड हात उचलला तरी वाजतच राहतो, थांबवायला बटण दाबावं लागतं किंवा आधी तशी सोय लावून ठेवावी लागते. ती लावायची त्याच्याकडून राहून गेली होती. तो बटण शोधत होता तेवढ्यात ढोलकाने एक झोकदार तुकडा घेतला, समोरचे लोक टाळ्या वाजवायला लागले, आणि हेमाने, मूठ तशीच मिटलेली ठेवून, पहिला अंतरा पुन्हा उचलला. कार्यक्रम पडू द्यायचा नाही, हे तिच्या अंगात होतं. अंतरा पूर्ण गाऊन ती खुर्चीत बसली. त्यानंतर अकरा दिवस ती दवाखान्यात होती.

आता वामन काळा कीबोर्ड स्कूटरवर बांधून मिरजेला गेला, तेव्हा त्याच्या मनात एकच होतं. ती गाताना सापडावी, तिने मूठ मिटावी, आणि या वेळी साथ वेळेवर थांबावी.

रफिकभाईंनी चहा मागवला. काळ्यावरची एकशे बारा नंबरची साथ त्यांनी डोळे मिटून ऐकली.

"वहिनी," ते म्हणाले.

"हो."

"भाकरी चांगली वाजते. बास जरा पोकळ आहे. जुन्या मशीनला तेवढंच जमतं."

"गात नाही ती यात."

"यात नसेल. कंपनी-कंपनीचा फरक असतो, मास्तर. दुसऱ्यात बघू."

त्यांनी फळीवरून एक छोटा काढला, लहान मुलांचा, अरुंद पट्ट्यांचा. एकशे बारा नंबर त्याच्यातही होता. वामनने पट्ट्या धरल्या आणि खोकला सुरू झाला. दवाखान्यातला, शेवटच्या दिवसांतला. दोन लहान, एक लांब, मग दम. त्यात काहीच चुकलेलं नव्हतं. दोन खोकल्यांमध्ये उशी सरकवल्याचा आवाजसुद्धा होता.

"आवाज एकदम खरा आहे याचा," रफिकभाई म्हणाले. "स्वस्तातल्या मशीनमध्ये कधी कधी असं होतं."

"बंद करा."

"तुम्हीच धरलंय, मास्तर. हात काढा."

वामनने हात काढला.  रफिकभाईंनी चहाचा कप त्या हातात दिला. मग दोघांनीही दुकानाच्या मागच्या भिंतीकडे पाहिलं. तिथे स्टँडवर चंदेरी कीबोर्ड होता.

"तोच का?"

"तोच. त्या दिवशी तुम्ही परत आणून ठेवलात तसाच आहे. गिऱ्हाईकं येतात, हात लावतात, आणि काही न बोलता जातात."

वामन उठून त्याच्यासमोर उभा राहिला. एकशे बारा नंबर लावला. पट्ट्या दाबायच्या आधीच आतून एक श्वास आला, गाण्याआधी हेमा घ्यायची तसा, नाकाने आणि थोडासा घाईचा. मग पट्ट्या धरल्यावर भाकरी आली. पण ही भाकरी मोठ्या हॉलमध्ये कोणी थापत असावं तशी घुमत होती आणि बांगड्या सोन्याच्या वाटत होत्या.

"काचेच्या होत्या हिच्या," वामन म्हणाला.

"घुमारा जास्त आहे. थांबा, कमी करतो." रफिकभाईंनी एक चाक फिरवलं. बांगड्या काचेच्या झाल्या. हॉल लहान होत गेला आणि सांगलीतलं स्वयंपाकघर झालं. भाकरीमागून नळ आला, दाराची कडी आली, जिन्यावरची चप्पल आली, आणि तुळशीला पाणी घालताना ती गुणगुणायची तेवढा 'हं'सुद्धा आला. काळ्यात ती एकटी भाकरी करत होती. या चंदेरीत ती घरभर होती.

वामनने हात उचलला. साथ चालू राहिली.

तो पुष्कळ वेळ हात मांडीवर ठेवून ऐकत बसला. हात न लावता ती वाजत होती. माणूस जेवू शकत होता, झोपू शकत होता, आणि ती घरभर हिंडत राहणार होती.

"गाईल का यात?"

"श्वास आहे म्हणजे पुढे गाणंही असणार. चालू ठेवावं लागेल. किती दिवस ते मी सांगू शकत नाही. मध्ये बंद पडलं तर मात्र पहिल्यापासून."

"मग बंदचं बटण काढून टाका."

रफिकभाईंनी त्याच्याकडे पाहिलं. "थांबवणार कसं?"

"थांबवायचं नाही. अक्काचा हात लागतो कुठेही. शेवटाचंही काढा. आणि ती हात उचलला की थांबायची सोय असते, तिचंही."

"मास्तर, वहिनी मूठ मिटायच्या..."

"आधी गाऊ दे तिला, रफिकभाई."

 रफिकभाईंनी पेचकस घेतला, साथ चालू असतानाच तीन बटणं काढली आणि भोकांवर काळी चिकटपट्टी लावली. बटणं त्यांनी काउंटरवरच्या काचेच्या बरणीत टाकली. बरणी अशा बटणांनी जवळजवळ भरलेली होती. त्यांनी झाकण घट्ट लावलं.

वामन स्कूटरवरून परत आला तेव्हा पाठीमागे बांधलेल्या चंदेरी कीबोर्डमध्ये नळ चालू होता.

त्या दिवसापासून घर मुकं होत गेलं. संध्याकाळी नळाला पाणी आलं ते आवाज न करता आलं. बादली भरून सांडली तेव्हा अक्काला कळलं. दुसऱ्या दिवशी दाराची कडी गेली, मग जिना गेला. दूधवाला कधी येऊन गेला हे उंबऱ्यावरच्या पिशवीवरून समजायचं. कुकरची शिट्टी गेली त्या दिवशी भात करपला.

"अरे, हे सगळं तिचंच होतं का?" अक्का वैतागून म्हणाली. "कुकर तर माझ्या नवऱ्याने दिलाय तुम्हाला, वास्तुशांतीला."

"वाजवायची ती."

"म्हणजे मी काय मुक्या घरात राहू? माणसाने माणसासाठी रडावं, वामन्या. तू तिला राबायला लावलंयस. सतरा दिवस झाले नाहीत तोवर पुन्हा भाकऱ्या."

"बावीस झाले."

"बावीस. एकदा तरी बसली का ती या बावीस दिवसांत? ऐक जरा. नळ, भाकरी, जिना, नळ. दमली असेल रे."

वामन ऐकत होता. त्याला दमल्यासारखं काही ऐकू आलं नाही. ठेक्याची लय एकशे वीसवर होती आणि जराही हलत नव्हती. त्याला वाटलं, दमलेलं माणूस हळू होतं.

पंचविसाव्या दिवशी तो अक्काला हाक मारायला गेला आणि त्याच्या तोंडून आवाज आला नाही. त्याच क्षणी चंदेरी कीबोर्डने एक नवा तुकडा वाजवला. त्यात वामनचा आवाज "हेमा" म्हणाला आणि हेमाचा आवाज "आले हो" म्हणाला. दर आठ मात्रांनी तो तुकडा येऊ लागला. वामन इतका खूश झाला की आपला आवाज गेल्याचं त्याने मनावर घेतलं नाही. दोन शब्द आले होते. गाणं आता लांब नव्हतं.

दुपारपर्यंत अक्काचाही आवाज गेला, कारण तीही तीस वर्षं हेमाला हाका मारत आली होती. तिने तोंड उघडलं, मिटलं, आणि पदर खोचून सरळ भिंतीकडे जाऊन कीबोर्डचा प्लग ओढून काढला. साथ चालू राहिली. अक्का प्लग हातात धरून उभी राहिली. मग तिने तो खिडकीत नीट ठेवला, जणू कोणाचा तरी चष्मा आहे.

तिने दिनदर्शिकेचं मागचं पान फाडलं आणि त्यावर लिहिलं, "मी माझ्या घरी, कवठ्याला जाते. पोळ्या झाकून ठेवल्यात. तिला सोड." कागद वामनच्या मांडीवर ठेवला, त्याच्या डोक्यावरून एकदा हात फिरवला आणि पिशवी उचलली. दार लागलं तेव्हा हवा हलली, एवढंच.

सव्वीस, सत्तावीस, अठ्ठावीस. बाहेरच्या रस्त्याचा आवाज गेला, कारण हेमा त्या रस्त्याने बाजारात जायची. शेजारच्या शाळेची घंटा गेली. शाळेची मुलं तोंडं उघडी टाकून मैदानात धावायची. सगळं चंदेरीत होतं आणि सगळं एकशे वीसच्या लयीत होतं. वामन स्टुलावरून उठेनासा झाला. डावा हात त्याने पुन्हा सी मेजरवर ठेवला होता. तिथे त्याची गरज नव्हती, पण तिला कोणी धरलंय असं वाटावं म्हणून.

एकोणतिसाव्या दिवशी दुपारी चार वाजता तो श्वास आला, आणि हेमा गायला लागली.

ती त्याच्यासमोर उभी होती, स्वयंपाकघराच्या दाराकडे तोंड करून. इचलकरंजीतली मोरपंखी साडी होती. मानेवर केस सुटलेले होते. उजव्या हातात माइक होता, डावा हात पाठीमागे, पंजा उघडा. बांगड्या काचेच्या होत्या. स्वयंपाकघरात कोणी नव्हतं, तरी ती डावीउजवीकडे पाहून गात होती, सगळ्यांना सारखं मिळावं म्हणून.

वामनने तिला हाक मारली नाही. मारली असती तरी हाक त्याच्याकडे नव्हती, ती आठ मात्रांनी आपोआप येत होती. तो फक्त तिच्या पंजाकडे पाहत राहिला. या वेळी त्याची नजर दुसरीकडे जाणार नव्हती.

धृपद झालं. पहिला अंतरा झाला. आवाज स्वच्छ होता, अगदी लग्नाआधीचा वाटावा असा. दुसऱ्या अंतऱ्याच्या मध्यावर तिचा खांदा वर जायला लागला. श्वास लवकर लवकर येऊ लागले. लहान कीबोर्डमधला तो दम वामनने ओळखला. आता तिच्या मागून भाकरी, नळ, कडी, जिना, शाळा, रस्ता सगळं एकदम वाजत होतं, आणि त्या सगळ्यावरून आवाज न्यायला तिला फार जोर लागत होता.

दुसऱ्या अंतऱ्याची शेवटची ओळ आली. करंगळी मिटली. मग तिच्या शेजारचं बोट. मग बाकीची दोन. अंगठा वरून बसला.

वामनने डावा हात उचलला.

साथ थांबली नाही.

त्याने काळी चिकटपट्टी नखांनी ओरबाडून काढली. खाली भोकं नव्हती. गुळगुळीत चंदेरी पत्रा होता, त्यात त्याची बोटं दिसत होती. त्याने दोन्ही तळवे सगळ्या पट्ट्यांवर दाबले. ढोलकाने एक झोकदार तुकडा घेतला. "हेमा," त्याचा आवाज म्हणाला. "आले हो," तिचा म्हणाला. स्वयंपाकघरातून टाळ्या सुरू झाल्या.

हेमाने मूठ तशीच मिटलेली ठेवली, आणि पहिल्या अंतऱ्यासाठी पुन्हा श्वास घेतला.